सिंगापुरात घेतलेली शेगडी

सिंगापुरात आम्ही घर गरम करायची शेगडी विकत घेतली, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. जिथे बारा महिने घाम पुसायचा, तिथे शेगडी कशाला? मीही त्याच्याबरोबर हसतो आणि विषय बदलतो. इतकी वर्षं हसण्यावारी नेलेली ही गोष्ट आता एकदा नीट लिहून काढतो, कारण तिच्यात हसण्यासारखं फारसं काही नाही आणि जे आहे त्याची मला लाज वाटते.

नव्वदीचं दशक मध्यावर आलं होतं. पंधरा वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून मी किनाऱ्यावरच्या नोकरीला लागलो होतो. आज ज्या भागाला हार्बरफ्रंट म्हणतात तिथे आमचं ऑफिस होतं. बंदरात आलेल्या जहाजांची यंत्रं तपासायची आणि दुरुस्त्या करून घ्यायच्या, हे माझं काम. राहायला बिशानला भाड्याचा फ्लॅट होता. घरात मी, बायको आणि मुलगी. मुलीची सहावीची परीक्षा येणार होती. तिच्यावरच तिथल्या मुलांची पुढची शाळा ठरते, आणि घराघरात आईबापांची झोप उडते.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा पाचगणीला एकटे राहत. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य स्टँडवरच्या खिडकीत बसून गाड्या सोडण्यात गेलं. वय त्र्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले. पाचगणीची थंडी पर्यटकांना गोड लागते, कारण ते तिसऱ्या दिवशी घरी जातात. बाबा मात्र घमेल्यात कोळसे फुलवून ते खाटेशेजारी ठेवत आणि दारं-खिडक्या घट्ट लावून झोपत. हे मला फोनवर कळलं तेव्हा मी त्यांना झापलंच. बंद जागेत कोळसा जळला की काय होतं, यावर मी जहाजावरच्या लोकांना व्याख्यानं द्यायचो.

"खिडकी निदान वीतभर तरी उघडी ठेवा," मी ओरडलो.

"मग शेकायचं कशाला?" बाबा म्हणाले.

प्रश्न बिनतोड होता. बायको म्हणाली, थंडीपुरते त्यांना इकडेच आणू या. मी हो म्हटलं आणि नोव्हेंबरअखेर बाबा आले.

आल्या दिवशी मी विचारलं, "बाबा, उकडतंय का? एसी लावू?"

"नको रे. हे असंच राहू दे. हाडं मोकळी होतायत."

खरंच झाली. आठ दिवसांत बाबा भिंतीचा आधार न घेता चालायला लागले. आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत काही चिनी म्हातारे सोंगट्यांचा खेळ मांडून बसत. बाबा त्यांच्यात जाऊन बसू लागले. यांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना यांची. पण परत येताना बाबांच्या हातात एखादं संत्रं असायचंच. मुलगी शिकवणीहून आली की तिला सोलून देत. "आबा, सो हॉट, यू स्टिल वेअर स्वेटर, कान्ट लाह," असं तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणत ती त्यांचा स्वेटर ओढायची आणि ते "कॅन, कॅन" म्हणत हसायचे. एवढे दोन शब्द ते तिथे शिकले होते आणि सगळीकडे तेवढ्यावरच भागवत.

पण त्यांचा खरा जीव जडला तो तिथल्या मेट्रोवर, एमआरटीवर. बिशानच्या फलाटावर घड्याळ आणि वही घेऊन उभे राहत आणि गाड्यांच्या वेळा टिपून घेत. "साडेतीन मिनिटं! अरे, मागची गेली की पुढची हजर! आमच्या वाईच्या गाडीला हे सांगायला पाहिजे." डब्यात एसीचा गारठा असायचा, म्हणून स्वेटरच्या जोडीला कपाटातून तपकिरी लोकरीची कानटोपीही निघाली. ती हनुवटीखाली बंद करून बाबा बसत आणि स्टेशन आलं की जुन्या सवयीनं खड्या आवाजात पुकारत, "टोआ पायो! टोआ पायो उतरणारे!" मुलीला त्याची भारी गंमत वाटायची. मला वाटत नव्हती. मी खाली बघत असे.

एका शनिवारी मी त्यांना ऑफिस दाखवायला निघालो होतो. पुढच्या एका स्टेशनावर आमचे जनरल मॅनेजर बायकोसह डब्यात चढले. त्यांनी लांबूनच मला पाहून हात केला. मी बाबांकडे वाकून म्हटलं, "बाबा, टोपी काढा. आणि हळू बोला जरा."

बाबांनी कुणाकडे पाहिलंही नाही. टोपी काढली, तिची घडी घातली आणि खिशात ठेवली. साहेब जवळ आले, त्यांनी बाबांशी हात मिळवला, सिंगापूर आवडलं का विचारलं. माणूस सरळ होता. बाबा म्हणाले, "ट्रेन्स व्हेरी पंक्चुअल, सर." मग उरलेला प्रवासभर ते एका कानावर हात ठेवून बसले. एकही स्टेशन त्यांनी पुकारलं नाही.

त्यानंतर ती टोपी मला सिंगापुरात दिसली नाही. आणि साधारण आठवड्यानं शेगडीचा विषय निघाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं बजावत आलो.

आमच्या ऑफिसात एक नॉर्वेजियन कॅप्टन होता. निवृत्त होऊन तो थायलंडला समुद्रकाठी राहायला जाणार होता आणि घरातलं सामान काढून टाकत होता. त्याची यादी नोटीस बोर्डावर लागली: सोफा, जेवणाचं टेबल, सायकली, आणि शेवटी लाकडावर चालणारी बिडाची शेगडी. ती शेगडी त्यानं आपल्या गावाहून कंटेनरमधून आणली होती, कारण सामानाचं भाडं कंपनी देत होती आणि त्याला ती मागे सोडवेना. सिंगापुरात ती सात वर्षं व्हरांड्यात उभी होती. तिच्यावर ऑर्किडची कुंडी होती.

यादी वाचताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दार बंद होणारी शेगडी, वर चिमणी, धूर आणि वायू सरळ छपराबाहेर! कोळशाच्या घमेल्याची भीती संपली. पाचगणीचं घर उबदार झालं की बाबांना तिथे राहायला काय हरकत? एका दगडात दोन पक्षी. दुसऱ्या पक्ष्याचं नाव मी मनातसुद्धा घेतलं नाही.

त्या पक्ष्याचं सांगायला हवं. बाबांच्या व्हिजिट पासची मुदत संपत आली होती. बायकोनं आपण होऊन इमिग्रेशनमध्ये जाऊन आई-वडिलांना जास्त काळ ठेवून घेण्याचा फॉर्म आणला होता, स्वतःच्या अक्षरात भरला होता. फक्त माझी सही बाकी होती. फॉर्म टीव्हीखालच्या खणात ठेवलेला. मी रोज बातम्या बघायचो आणि खण उघडायचो नाही.

मग दोन आठवडे आमच्या घरात शेगडी एके शेगडी चालू होतं. घ्यावी की न घ्यावी? वजन सव्वाशे किलोच्या घरात, पोचेल कशी? पुण्याला कायमचं परतणारं ओळखीचं एक कुटुंब कंटेनर पाठवत होतं, त्यात कोपरा मिळण्यासारखा होता. पाइप किती इंचांचा? छपराच्या वर किती न्यायचा? जेवणाच्या टेबलावर मी आकृत्या काढत बसे, मुलीच्या गणिताच्या वहीची मागची पानं त्यात गेली. धूर ओढला जाण्यासाठी चिमणीची उंची मी अशी काही मांडली की आमच्या जहाजाच्या धुराड्यासाठीही कुणी मांडली नसेल. बाबा समोर बसून ऐकत. मधून म्हणत, "म्हणजे आपला बंबच की रे. फक्त पाण्याऐवजी माणूस तापवायचा."

एका संध्याकाळी बाबा खाली सोंगट्यांना गेले होते तेव्हा बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, शेगडीचं राहू द्या. त्या फॉर्मचं काय?"

"मुलीची परीक्षा आहे येत्या वर्षी. जागा तरी कुठाय? ते हॉलमध्ये झोपतात."

"त्यांची तक्रार आहे का? की तिची? परीक्षा तिची आहे, तुमची नाही. ती तर म्हणते, आबा असले की मला पाढे म्हणायला मजा येते."

"त्यांना तिथलं सोडून इथे करमणार आहे का?"

"विचारलंत तुम्ही त्यांना?"

मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते खरं सांगण्याचा धोका होता. मी म्हटलं, "आधी शेगडी तर बघून येऊ." बायकोनं कुकरचं झाकण जरा जोरानं लावलं. सून असून ती त्यांना ठेवून घ्यायला बघत होती आणि मुलगा त्यांना परत धाडायला लोखंड शोधत होता. वर, बाबांना वाटायचं ते वाटू दे, असं मी होऊ दिलं. सुनेला अडचण होत असेल, नातीचा अभ्यास असेल, असा काही अंदाज त्यांनी बांधलाच असणार. तो मी कधी दुरुस्त केला नाही. खरी अडचण कानटोपीची होती आणि ती फक्त मला होती.

रविवारी मी बाबांना घेऊन कॅप्टनकडे गेलो. त्यानं ऑर्किडची कुंडी उतरवून शेगडी पुसून ठेवली होती. काळी, बसकी, चार वाकड्या पायांची. दारावर जाड काच आणि एका कोपऱ्याला कधीतरी बसलेला टवका. कॅप्टन गुडघ्यांवर बसला, दार उघडलं, जाळी काढून दाखवली, हवा कमी-जास्त करायची खिट्टी फिरवून दाखवली. एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी हवी होती, त्याला आपण नाही म्हटलं, असं तो म्हणाला. ही जळायला हवी, एवढीच त्याची अट. किंमत नावापुरतीच होती.

बाबांनी शेगडीवर हात फिरवला, टवक्यावर बोट टेकवलं. मग त्यांच्या एसटीच्या इंग्रजीत विचारलं, "वूड, सर? डेली हाऊ मच?"

कॅप्टननं दोन्ही हात पसरून मोठी टोपली दाखवली. थंडी जास्त असली तर दोन.

"हू कट्स? हू ब्रिंग्ज?"

कॅप्टन हसला. लाकूड मी फोडायचो, बायको आत आणायची; संसार टिकला तो त्यामुळेच, म्हणाला.

बाबाही हसले. मग माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाले, "टोपली कोण आणणार रे?"

"मिळेल की माणूस. पाचगणीत लाकडाला काय तोटा?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात लाकूड आलंच नव्हतं. जहाजावर तेल टाकीतून पाइपानं येतं, पंप चालू केला की झालं. पाइपाचा व्यास, चिमणीची उंची, भिंतीपासूनचं अंतर, सगळं मी मांडलं होतं. गुडघे गेलेला एकटा माणूस रोज टोपलीभर लाकूड फोडून, उचलून, वाकून आत कसं घालणार, एवढी एकच गोष्ट राहून गेली होती. ती बाबांना पहिल्या मिनिटात दिसली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शेगडीचं दार लावलं आणि म्हणाले, "घे. चांगली आहे. तुझ्या जिवाला घोर नको."

मी कॅप्टनचा हात हातात घेऊन शब्द दिला की ही जळेल. मला केवढं हलकं वाटलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. परतताना एमआरटीत बाबांनी वही काढली नाही. मी त्यांना पाइपाच्या कोपराबद्दल समजावून सांगत होतो.

जानेवारी सुरू होताच बाबा पाचगणीला परत गेले. थंडीपुरते आणलेला माणूस मी ऐन थंडीत परत पाठवला, हे तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं नाही. मुलगी विमानतळावर रडली. शेगडी मागाहून गेली. पाइप मी ओळखीच्या वर्कशॉपमधून स्टेनलेस स्टीलचे करून घेतले होते. वाटेत जाळी आदळू नये म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे मीच कोंबले. सोबत चार पानी सूचना लिहून दिल्या: हवा किती ठेवावी, राख केव्हा काढावी, चिमणी कधी साफ करावी. लाकूड कुणी आणावं हे त्यात नव्हतं.

बाबांची पत्रं येत. 'शेगडी सुखरूप पोचली. मिस्त्रीनं पाइप तुझ्या आकृतीप्रमाणे काढला. येणारे जाणारे बघतात, कौतुक करतात. थंडी नेहमीसारखी. माझी काळजी नसावी.' नियंत्रकाचं लिहिणं, एक शब्द खोटा नाही. मी ती पत्रं बायकोला वाचून दाखवायचो, जिंकल्यासारखा. ती "बरं" म्हणायची.

पुढच्या डिसेंबरात एका जहाजाच्या कामासाठी मुंबईला जाणं झालं आणि तीन दिवस मोकळे मिळाले. निघताना बायकोनं एक नवा फॉर्म बॅगेत ठेवला, पुन्हा स्वतःच भरलेला. परीक्षा होऊन गेली होती. आता माझ्याजवळ ढालही नव्हती. या वेळी मी सही केली. वर्षभर उशिरा केलेल्या सहीचाही मला अभिमान वाटला, आता बोला.

सकाळच्या गाडीनं पाचगणीला उतरलो. हवा अशी की बोलताना तोंडातून वाफ निघावी. बाबा स्टँडवर उभे होते, स्वेटर घालून आणि बोडक्यानं. कान लाल झाले होते.

"बाबा, टोपी कुठाय?"

"आहे की, खिशात," ते म्हणाले आणि माझी बॅग घ्यायला पुढे झाले.

घराशी शेजारच्या काकू भेटल्या. बाबांचं दोन वेळचं जेवण त्याच करत. म्हणाल्या, "आलात बाई एकदाचे! तुम्ही येणार म्हणून कळल्यापासून यांचं सरपण गोळा करणं चाललंय. रोज फिरायला जायचं आणि येताना काखेत दोन काटक्या. म्हटलं मी आणते, तर नाही."

आत शेगडी भिंतीशी उभी होती, चकचकीत पुसलेली. शेजारी काटक्या आणि लाकडाचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवलेले, स्टँडवर गाड्या लावाव्यात तसे. फार नव्हते. खाटेखाली माझा पाय कशाला तरी लागला. घमेलं होतं. त्यातली राख ताजी होती.

तिन्हीसांजेला बाबा म्हणाले, "चल, पेटव."

मी दार उघडलं. आत सिंगापूरच्या इंग्रजी वर्तमानपत्राचे बोळे होते. मीच कोंबलेले, तसेच्या तसे.

"बाबा, म्हणजे ही अजून एकदाही..."

"तुझ्या हातानं पेटावी म्हटलं. कागद राहू दिलेत बघ, पेटवायला कामी येतील."

"आणि लाकडाला माणूस?"

"मिळाला होता. दोन दिवस आला. आता कोण येतंय रे रोज? आणि रोज त्याची वाट बघत बसण्यापेक्षा घमेलं बरं." मग माझा चेहरा पाहून घाईनं म्हणाले, "पण खिडकी वीतभर उघडी ठेवतो हं. रात्रभर. तू सांगितलंस तसं."

मी खिडकीकडे पाहिलं. फटीत लाकडाचा ठोकळा बसवलेला होता, बरोबर वीतभर. त्यातून थेट खाटेवर वारा येत होता. गेल्या जानेवारीपासून त्र्याहत्तराचे चौऱ्याहत्तर झालेला हा माणूस त्या वाऱ्यात झोपत होता, कारण मी फोनवर ओरडलो होतो. माझ्या हातातली काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा कागद पेटला, मग काटक्या, मग जाड लाकूड धरलं. चिमणीनं धूर अगदी छान ओढला. माझं गणित कुठेही चुकलं नव्हतं.

खोली उबदार व्हायला लागली. बाबा खुर्ची ओढून बसले, गुडघ्यांवर तळवे ठेवून. बॅगेतून फॉर्म काढून मी त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "बाबा, चला तिकडे. कायमचे. माझं चुकलं."

त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. सुनेचं अक्षर ओळखलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं. मग नीट घडी घालून मला परत दिला.

"आता कशाला रे?" ते म्हणाले. "आता शेगडी आहे ना."

आवाजात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. नव्हता. एक गाडी सुटून गेली हे उतारूला समजावून सांगतात तेवढंच होतं. ते वाकले, ढिगातून एक लाकूड निवडून माझ्याकडे दिलं आणि मी ते आत सरकवलं. ज्वाळा काचेपर्यंत आली. बाबांनी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आज खिडकी लावली तर चालेल ना?" त्यांनी मला विचारलं.